सुखरूप बाळंतपण

सासूच्या मायेशिवाय सुनेचं बाळंतपण सुखरूप होत नाही, असं पंचफुलाबाईंनी किनवटच्या दवाखान्यात शेजारणीला ठणकावलं. त्याच बाकावर सुदर्शन बसला होता. त्याची पुनम सातव्या महिन्याच्या तपासणीला आत गेली होती.

“आमच्या सुनंला, राजकन्याला, सातव्यापासून अर्धीच भाकरी दिली. लेकरू पोटात वाढलं की अडतंय, बाई!”

“मग सुटली?”

“हाव, झटक्यात. वरडली बी न्हाई.”

“वरडायला अंगात जीव लागतो, अक्का. लेकरू?”

“काचेच्या पेटीत हाय. दूध वढायची ताकद न्हाई म्हनत्यात.”

“जगंल ना?”

“इचारलं. डाक्टर बोलंनात.”

पुनम बाहेर आली. “वजन वाढंना म्हनले. मी सांगितलं, भूकच लागत न्हाई.”

घरी तिची भाकरी सुदर्शनची आई अर्धी मोडूनच वाढत होती.