झरीच्या सुमनबाई न्यायासनासमोर बोलल्या

भोळ्या शंकराच्या चरणी मस्तक ठेवतो आणि मगच तोंड उघडतो, कारण काल परभणीच्या न्यायालयात जे घडलं ते सांगितल्यावाचून आज मला घास गोड लागायचा नाही. मी मूळचा झरीचा, वडिलांनी रुद्र शिकवला, पाठशाळेत संस्कृत झालं, आणि तेव्हापासून गावच्या महादेवाची पूजा करीत आलो. पूजेचा बेल आणायच्या त्या आमच्या सहधर्मचारिणी सुमनबाई, रोज सकाळी, ओढ्याकाठच्या झाडाचा. त्याच वाटेवर आमच्याच गल्लीतल्या एका तरुणाने त्यांचं मंगळसूत्र ओढलं, त्या पडल्या, मनगट मोडलं, आणि वर तो म्हणाला, माझं नाव सांगितलंस तर पुन्हा गाठीन. त्यांनी पोलिसांना नाव सांगितलं. तो कोठडीत गेला, पण सुटून येईल या धास्तीने यांचं बेलाला जाणंच सुटलं.

काल त्याच्या जामिनाचा अर्ज होता. आम्ही गेलो, आणि काय सांगू तुम्हाला, मी व्हरांड्यातच बसलो. जन्मभर गाभाऱ्याचा उंबरा राखलेला माणूस मी, बोलावल्यावाचून आत जाऊ नये हे अंगात भिनलेलं. त्या मुलाची आई मात्र आत बाकावर बसलेली. ते पाहून सुमनबाई मला म्हणाल्या, आवो, गाभारा हाय का त्यो, सोवळं नेसून जायला? तिचं लेकरू सुटायलंय म्हून ती आत, अन् हात माझा मोडला तर मी भाईर? आणि उठल्याच. दारावरच्या शिपायाने विचारलं, तुम्ही कोण? म्हणाल्या, जिचं मंगळसूत्र गेलं ती मीच. त्याने वाट दिली. मीही मागोमाग, पण चपला बाहेर काढूनच. तेवढं काही सुटलं नाही.

सरकारी वकीलबाई म्हणाल्या, बरं झालं आलात, तुमचं म्हणणं मांडायचा तुम्हाला अधिकार आहे. त्यांनी विनंती केली, आणि न्यायाधीश महोदयांनी स्वतः विचारलं, आजी, काही सांगायचं आहे का? आणि या शांतपणे म्हणाल्या,

“साहेब, त्याला सोडायचं का न्हाई ते तुमी ठरवा. पर मला बेलाला जायचंय, अन् त्या वाटंचं मला लय भ्या वाटायलंय.”

जामीन मिळाला, पण निकाल लागेपर्यंत त्याने झरीत पाऊल ठेवायचं नाही, सेलूला मामाकडे राहायचं, असा हुकूम झाला. यांचं ऐकून झाला हो! परतताना एसटीत मी तेच पुन्हा पुन्हा बोलत होतो, तर म्हणाल्या, बास करा आता, लोकं बघायलेत.

आज सकाळी पूजेला बसलो, तर परडीत ओला, ताजा बेल.

तुम्हा वाचणाऱ्यांच्या घरी महादेव सदैव नांदो, तुमच्या लेकी-सुनांना कोणत्याही वाटेचं भय न उरो, आणि त्या बोलतील तेव्हा ऐकणारा समोर असो.