टपालवाला मेला होता का?

थोआ : खरं सांगा बाबा, तो टपालवाला मेला होता का?

बाबा : कोण टपालवाला?

थोआ : रशियन सिनेमातला. फिरत्या सिनेमाच्या गाडीतून तुम्ही गावोगाव दाखवायचात तो. उद्याच्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत सिनेमाची गोष्ट सांगायला मी तोच घोकलाय. प्लॉट, क्लायमॅक्स, अभिनय, सगळे शब्द तोंडपाठ. आणि आज डब्लिनच्या ऑनलाइन बाई म्हणतात, मी सिनेमा शोधून पाहिला, हा शेवट तू कुठून आणलास? तो तर बर्फात मरतो.

बाबा : चहा घे. निवतोय.

थोआ : मला स्वच्छ आठवतंय. बायको दार लावून घेते आणि तुमचा आवाज येतो, 'आत आहे तो. चहा टाकतोय.'

बाबा : डबिंग होतं म्हणायचं.

थोआ : म्हटलं. त्या म्हणाल्या, डबिंगला जितकी पात्रं तितके आवाज लागतात. मी म्हटलं, आमच्याकडे एकच माणूस. पडद्याशेजारी माईक घेऊन बसायचा, नवरा तोच, बायकोही तोच, घोडासुद्धा तोच. त्या हसल्या. मग माझं सगळंच गडबडलं, साधी वाक्यंही येईनात.

बाबा : घोडा मी चांगला करायचो.

थोआ : विषय बदलू नका. दार लावताना ती हसत होती की रडत होती?

बाबा : रडत होती. मी सांगायचो, आनंदानं रडतेय.

थोआ : का पण?

बाबा : तुझी आजी पहिल्या रांगेत चटईवर बसायची. तुझा काका युद्धातून आला नव्हता, मेल्याचं पत्रही नव्हतं. सोळा वर्षं. माझ्या हातातल्या संवादांच्या कागदावर लिहिलं होतं, 'तो मेला.' तिच्याकडे बघून माझ्या तोंडून ते फुटेना.

थोआ : एका रात्रीपुरतं ठीक होतं.

बाबा : दुसऱ्या रात्री ती शेजारच्या गावात हजर. तिसऱ्या रात्रीही. चार कोस चालून, तोच सिनेमा बघायला. मग कसा मारू त्याला?

थोआ : तिला कळलं नसेल?

बाबा : ते मला आजवर कळलेलं नाही.

थोआ : माझी ही शेवटची संधी आहे, बाबा. महिनाअखेर मार्क पाठवले नाहीत तर डब्लिनचं इस्पितळ माझ्या जागी दुसरी नर्स घेईल. उद्या शेवट कुठला सांगू?

बाबा : बाईंनी पाहिला तो.

थोआ : तो मी पाहिलाच नाही. अडखळेन.

बाबा : मग तू पाहिलास तो सांग. नाहीतर सांगूच नको. पास झालीस तर जाशीलच ना तू.

थोआ : नापास व्हावं असं वाटतंय तुम्हाला?

बाबा : काय वाटतंय तेच समजत नाही. सकाळपासून दोनदा उद्या न्यायची तुझी छत्री लपवली आणि दोनदा परत दाराशी ठेवली.

थोआ : मी गेल्यावर इथं कोण आहे तुम्हाला? शेजारपाजारचे विचारतील, थोआ कुठे दिसत नाही.

बाबा : विचारू देत. सांगेन, आत आहे. चहा टाकतेय.