देवाजीच्या हातचा ब्रेक

दीक्षा : क्लच सोडू का आता?

नागसेन : हळू सोड. आणखी हळू. हां. झटका बसला का समज, तू घाई केली.

दीक्षा : नाही बसला. आता सांगा, काल शुगरच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे काहून पाहिलं?

नागसेन : समोर पाह्य. कुत्रं बसून राहिलं रस्त्यावर.

दीक्षा : कुत्रं दिसलं मला. एक्केचाळीस वर्षांची झाले, पण डोळे शाबूत आहेत. डॉक्टरांनी तुमच्या तळपायाला तो बारीक धागा दहा ठिकाणी लावला. कळलं का कळलं का म्हणून विचारत होते. तुम्ही दोनदाच हो म्हणालात. मग त्यांनी विचारलं, चप्पल पायातून निघून जाते अन् समजत नाही, असं कधी झालं का? तुम्ही नाही म्हणालात, अन् माझ्याकडे पाहिलं.

नागसेन : बायको बाजूले बसली होती, पाह्यलं. त्यात काय एवढं. सेकंड टाक.

दीक्षा : टाकला. अन् आज पुन्हा हीच रबरी चप्पल. मागून पट्टा असलेले सँडल कालच घेतले ना दुकानातून? डॉक्टरांनी लिहून दिले होते.

नागसेन : ते म्हाताऱ्याचे दिसते वं. माह्या बाबाले असेच होते, शेवटच्या वर्षी. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहो. अन् आपण कुठं जाऊन राहिलो? हुडकेश्वरच्या लेआउटमधी, प्लॉटाप्लॉटातून. चालवून तू राहिली, मी त नुसता बसलो आहो.

दीक्षा : तेच म्हणते मी. तुम्ही नुसते बसता. वर्ष झालं, स्टीअरिंगला हात लावला नाही. ब्रेक फेल झाल्यापासून हिंमत होत नाही म्हणालात. मी म्हटलं, ठीक आहे, मी शिकते.

नागसेन : चांगली शिकून राहिली. पुढच्या महिन्यात टेस्ट देऊन दे.

दीक्षा : माझं ऐका. ज्या गाडीचा ब्रेक फेल झाला, त्याच गाडीत तुम्ही मला शिकवून राहिले. गॅरेजवाल्या देवाजीभाऊंनी त्या वेळी पाहिली तेवढीच. त्यानंतर एकाही मेकॅनिकला दाखवली नाही. दोनदा मी म्हटलं, दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, काही गरज नाही. शाळेत पोरांना गणित शिकवते मी. हे गणित जुळत नाही. ब्रेकची भीती होती तर मला या सीटवर बसवलंच कसं?

नागसेन : गाडी बाजूले घे.

दीक्षा : कुठं?

नागसेन : त्या रिकाम्या प्लॉटजवळ. इंडिकेटर दे. हां. आता बंद कर.

दीक्षा : केली.

नागसेन : त्या दिवशी ब्रेक फेल नव्हता झाला.

दीक्षा : मग?

नागसेन : दीक्षाभूमीसाठी पाहुणे आले होते ना आपल्याकडं. त्यायच्यासाठी सामान आणाले गेलो होतो. दिघोरीच्या अलीकडं समोरची बस थांबली, मी ब्रेक दाबला. दाबला असं मले वाटलं. गाडी थांबेच ना. डिवायडरवर चढली तवा खाली पाह्यलं. पाय उघडा होता. चप्पल निघून ब्रेकच्या खाली फसली होती. कधी निघाली, कशी निघाली, मले काहीच मालूम नाही. पायाचं समजणं सहा महिन्यांपासून कमी झालं होतं.

दीक्षा : सहा महिने. अन् मला सांगितलं नाही.

नागसेन : तू हात धरून ओरडत होती. अन् मी आधी चप्पल काढली. पायात घातली. मंग तुह्याकडं वळलो.

दीक्षा : आधी चप्पल.

नागसेन : हो.

दीक्षा : माझ्या मनगटात अजून प्लेट आहे. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायचं असलं की दुसऱ्या हातानं आधार देते. पोरं हसतात. मी त्यांना सांगते, गाडीचा ब्रेक फेल झाला होता बाळांनो. अन् तुम्ही आधी चप्पल घातली.

नागसेन : लोक धावत आले. कोणीतरी विचारलं, काय झालं गा. तोंडातून निघून गेलं, ब्रेक लागला नाही. तेवढंच म्हणालो मी. मंग कोणी विचारलं, ब्रेकचं काम कोणी केलं होतं. मी म्हणालो, देवाजीनं, आठ दिवस झाले. ते त खरंच होतं.

दीक्षा : अन् मारोतरावच्या चहाच्या टपरीवर?

नागसेन : तिथं बी तेच सांगितलं. चार-पाच दिवस सांगितलं. लोक विचारत राहिले, मी सांगत राहिलो. मले वाटे, पाय बधिर झाला म्हणून कबूल केलं का आपण गेलो कामातून. कंपनीत समजलं त मशीनवरून काढून टाकतीन. आणखी काही दिवस जाऊ दे, मंग सांगू, असं करता करता वर्ष झालं.

दीक्षा : देवाजीभाऊ दवाखान्यात आले होते. हातात नारळाचं पाणी होतं. उत्तरा माझ्या उशाशी बसली होती. पोरीसमोर मी त्यांना म्हटलं, तुम्हाला आमच्या जिवाची किंमत नाही, शंभर रुपये वाचवायला जुनंच सामान टाकलं असेल. ते हात जोडून उभे राहिले अन् निघून गेले. तुम्ही कुठं होते तेव्हा?

नागसेन : तिथंच होतो. खिडकीजवळ.

दीक्षा : वीस वर्षं तो माणूस आपल्याकडे येतो. उत्तराच्या बारशाला त्यांनीच मांडव टाकला होता. सिंधूताई काल भाजीच्या गाडीवर भेटल्या. म्हणाल्या, यांनी गॅरेज बंद केलं, सोमवारपासून कळमन्याला धान्याच्या गोदामावर वॉचमन म्हणून जाणार. ब्रेकचं काम आलं की परत पाठवतात म्हणे. माझ्याशी त्या नीट बोलल्यासुद्धा नाहीत. काल मला उलट त्यांचाच राग आला होता.

नागसेन : मले मालूम आहे गॅरेजचं. शनिवारी पाह्यलं, सामान पोत्यात भरून राहिले होते. मी दुसऱ्या गल्लीनं निघून आलो.

दीक्षा : सीटचा पट्टा लावा.

नागसेन : कुठं जातं?

दीक्षा : तुम्हाला माहीत आहे कुठं.

(देवाजीचं घर. पुढच्या पत्र्याच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली. गाडी दारासमोर उभी आहे.)

देवाजी : या वहिनी. तुमीच चालवत आल्या वाटते. चांगलं केलं. आवाजावरूनच म्हणलं, पाय हलका हाये. बस नागसेन. खुर्ची पुसून देतो थांब.

नागसेन : राहू द्या देवाजीभाऊ. बसाले नाही आलो. मले काही सांगाचं आहे.

देवाजी : सांग ना गा.

नागसेन : तुमच्या कामात काही खराबी नव्हती. ब्रेक चांगला होता. चप्पल माह्या पायातून निघाली, ब्रेकच्या खाली गेली. शुगरनं पाय बधिर झाला आहे, मले समजलंच नाही. अन् मी खोटं बोललो.

देवाजी : कोणता पाय?

नागसेन : उजवा. आता दोन्ही.

देवाजी : तुही गाडी मी तीनदा खोलली गा. पाइप पाह्यला, ऑइल पाह्यलं, चारही चाकं काढून पाह्यले. मले काहीच भेटलं नाही. मी मलेच म्हणलं, देवाजी, आता तुले दिसत नाही. माणूस म्हणते फेल झाला, वहिनीचा हात मोडला, अन् तू म्हणतं सारं बराबर हाये. चष्म्याचा नंबर बदलून आणला. तरी भरोसा बसला नाही. कोणाची गाडी करून देली का झोप नाही लागे. पहाटे उठून त्याच्या दारात जावो अन् नट पुन्हा कसून पाहो. एका घरी त मले चोर समजून धरलं. सिंधूले बोलावून आणा लागलं सोडवाले.

नागसेन : देवाजीभाऊ...

देवाजी : बोलू दे मले. पंचावन्न वर्षांचा झालो मी. तीस वर्षं या हातावर खाल्लं. लोकायनं गाड्या नेल्या दुसरीकडं, त्याचं एवढं नाही वाटलं. मले माह्याच हाताचा भेव वाटे, हे खराब होतं.

दीक्षा : भाऊ, दवाखान्यात मी जे बोलले ते मला आता आठवलं तरी मान वर होत नाही. उत्तरासमोर बोलले. तिलाही घेऊन येईन, तिच्यासमोर चूक झाली म्हणेन.

देवाजी : वहिनी, तुमी दुखण्यात बोलल्या. हा सुद्धीत बोलला.

नागसेन : माफ करा म्हणाचीही लाज वाटते मले.

देवाजी : मंग नको म्हणू. तू ते खोटं सांगत कुठं होता?

नागसेन : मारोतरावच्या टपरीवर.

देवाजी : चल तिथं.

नागसेन : आता? हिंगण्याहून कंपनीची बस आताच आली असन. शिफ्टवाले सारे तिथंच असतीन चहाले. उद्या सकाळी एकेकाले भेटून सांगतो ना मी.

देवाजी : तवा बी सारेच होते.

नागसेन : त्यातले तीन जण माह्याच लाइनवर आहेत. सुपरवायझरले समजाले दिवस नाही लागणार.

दीक्षा : काढलं मशीनवरून तर काढलं. बसून करायचं काम मागा, नाहीतर घरी बसा. माझा पगार आहे. अन् माझं तुमच्याशी अजून बाकी आहे, ते घरी गेल्यावर पाहू. आधी यांचं करा.

नागसेन : तूच बोलतं का मंग तिथं? मले शब्द सुचणार नाही.

दीक्षा : खोटं बोलायला सुचले होते.

देवाजी : वहिनी, मी मागं बसतो. शटर राहू द्या तसंच, आत काय ठेवलं आता. चला.

दीक्षा : भाऊ, मी नवीन आहे. घाबरू नका.

देवाजी : मी कायले घाबरू. आता पुढं कोणी नाही, एकदा दाबा बरं ब्रेक. नाही, अचानक नाही. हळूहळू. हां. सोडा. पुन्हा.

दीक्षा : बरोबर आहे का?

देवाजी : कोणी केला गा हा ब्रेक, नागसेन? चांगला लागते.

नागसेन : तुमच्याच हातचा आहे. त्यानंतर कोणाचा हात लागला नाही त्याले.

देवाजी : वर्षभर?

नागसेन : वर्षभर. दीक्षाले याच ब्रेकवर शिकवलं मी.

देवाजी : म्हंजे तुहा भरोसा होता माह्या हातावर. मलेच नव्हता.

दीक्षा : टपरी आली. इथंच लावू का, लिंबाखाली?

देवाजी : लावा. हँडब्रेक ओढा. गियर काढा. आता बंद करा. पहा, किती मस्त लावली.

नागसेन : सारे आहेत वं.

दीक्षा : उतरा.

नागसेन : मारोतराव, चहा नंतर सांगतो. थोडं ऐकून घ्या गा सारे जण. मागच्या वर्षी मी इथं बसून देवाजीभाऊच्या कामाबद्दल जे सांगितलं होतं ना...

देवाजी : थांब नागसेन. एक चप्पल गाडीतच राह्यली तुही. घाल आधी, मंग बोल.