यंत्राचा खण

फाटकाची बिजागरी सांधून घ्यायला वेल्डिंगच्या दुकानात बसले होते. माझ्या आधी एक साठीचं जोडपं होतं. मोटरसायकलच्या हँडलवर बसवायच्या लोखंडी फळीचा पुठ्ठ्याचा नमुना त्यांनी मिस्त्रीपुढे ठेवला होता.

"हे बघ, इथे मोबाइल, इथे कॅमेरा आणि मधे रस्ता सांगणारं यंत्र."

"मोटरसायकल आहे की शोकेस?"

"अगं, तुझ्याच घशाला आराम."

"म्हणजे मी मागे बसून नुसती पिशवी सांभाळायची? लग्न झाल्यापासून रस्ता मी सांगतेय."

"सांगतेस खरी. तोंडाने 'डावीकडे' म्हणतेस आणि खांदा उजवा थोपटतेस!"

"तरी आजवर चुकलो का कुठे?"

"नाही, कारण मी तुझं तोंड ऐकतच नाही. खांद्यावरून वळतो."

"ऐकत नाही ना? मग जा यंत्राला घेऊन. मी घरी बरी."

"अगं..."

"काका, यंत्राचा खण केवढा ठेवू?"

"यंत्र राहू द्या, मिस्त्री. चष्म्याची डबी मावेल एवढा ठेवा."

"तुमचा तर डोळ्यांवरच आहे की!"

"माझा नाही हो, हिचा लांबचा. पाट्या वाचायच्यात तिला."

"अहो, मग खण डावीकडे करायला सांगा."

"डावीकडे म्हणतेस, पण बोट कुठे आहे तुझं?"

"उजवीकडेच करतो, काका."