'फ'च्या आधीचं अक्षर

माझ्या निवृत्तीच्या या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष धोंडीरामभाऊ, व्यासपीठावरचे आजचे मान्यवर अतिथी, चालक-वाहक मित्रहो, सहकारी साधनाताई आणि माझ्यासाठी डोंगरातून आलेल्या भिमाबाई, सर्वांना नमस्कार.

अतिथींसाठी अशा वेळी जे दोन शब्द वापरतात ते मी टाळले. राग मानू नये. दोन्ही 'फ'च्या आधीच्या अक्षरानं सुरू होतात, आणि ते अक्षर आलं की माझे ओठ मिटतात ते उघडत नाहीत. आईनं जिभेला वेखंड लावलं, डॉक्टर झाले, नवस झाले. अशा माणसाला नाशिकच्या स्टँडवर गाड्या सांगायला माईकसमोर बसवायचं कोणाला सुचलं असेल?

सिन्नर, दिंडोरी मी झोकात म्हणायचो. डोंगराची गाडी लागली की मात्र सारा स्टँड कान टवकारायचा. "प... प... प... पेठ." कॉलेजची मुलं नक्कल करायची. हसायचो मीही. घरी गेल्यावर आरशासमोर तेच नाव घोकत बसायचो.

सत्त्याण्णव साली मीच साधनाताईंच्या आवाजात सगळ्या गावांची कॅसेट भरून घेतली. काय तो स्वच्छ आवाज! मी नुसतं बटण दाबायचं. चार दिवस ताठ मानेनं चाललो.

त्याच आठवड्यात, शेवटची गाडी निघून गेल्यावर भिमाबाई माझ्या खिडकीशी आल्या. त्या दिंडोरीला द्राक्षबागेत मजुरीला होत्या. आई शेवटच्या घटका मोजतेय असा निरोप आला म्हणून गावी निघालेल्या. त्यांना गाडीवरची अक्षरं वाचता येत नव्हती.

"साहेब, आमची गाडी कधी लागंल?"

"गेली की बाई. तीनदा सांगितलं."

"आसं कसं? तुम्ही तर अडखळलाच नाय. त्या बाईच्या आवाजाकडं ध्यानच नव्हतं, म्या तुमच्या अडखळन्याची वाट बघत बसले."

सकाळच्या गाडीनं त्या गेल्या. आई रात्रीच गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी कॅसेट कपाटात टाकली आणि माईकसमोर बसलो. ओठ तसेच मिटले. मुलं तशीच हसली. महिन्याभरानं भिमाबाई आल्या, म्हणाल्या, "आता कसं बरं वाटतं. आमच्या गावाचं नाव इतका येळ तोंडात ठिवनारं दुसरं कोन हाय?"

व्यंग गेलं नाही. मी त्याच्याशी भांडणं तेवढं सोडलं.

माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्यावं. एकाच संध्याकाळची माफी मी सात वर्षांत मागू शकलो नाही. 'माफ करा' म्हणायला ते अक्षर आड येत नाही. भिमाबाई समोर बसल्या आहेत, तरी ओठ उघडत नाहीत.

आपण सर्वांनी मला आणि माझ्या वेळ खाणाऱ्या जिभेला सांभाळलंत, आभारी आहे. सव्वासहा झालेत. साधनाताई विचारत होत्या, आजच्या दिवस कॅसेट लावू का? नको. भिमाबाई, उठा, तुमची गाडी लागली आहे.

प... प... प... पेठ.