दोन वाजताची दोन अंडी

दवाखान्यात बसलेल्या शिंप्याची पाठ दुखत होती, पण कान ठणठणीत होते. शेजारच्या बाकावर एक क्रेनवाला आणि त्याची बायको होती, आणि आवाज हळू करण्याची तसदी दोघांपैकी कुणीच घेतली नव्हती.

“आज डॉक्टरांनी फिटनेसच्या दाखल्यावर सही केली नाही तर दिवसपाळी गेली समजा. वीस वर्षांनी मिळालीय. आणि तुम्ही क्रेनवर पेंगता.”

“पेंगत नव्हतो. डोळे मिटून विचार करत होतो.”

“घोरत?”

“अगं, दहाला झोपतो मी. पण दोन वाजले की पोट जागं होतं. रातपाळीत दोनलाच जेवायचो ना.”

“मागच्या वेळी डॉक्टर हेच तर म्हणाले. पोटालाही घड्याळ असतं. रोज ज्या वेळी खाल, त्याच्या जरा आधी भुकेचं हार्मोन हजर. खाणं बंद केलंत की हळूहळू तेही यायचं थांबेल. पण तुम्ही रोज दोन अंडी मटकावता.”

“तुला कुणी सांगितलं?”

“टरफलांनी. मांजर काही अंडी सोलून टरफलं कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही.”

“बरं, खातो. पण ती उकडून, शेजारी मीठ काढून ओट्यावर ठेवतं कोण?”

शिंप्याची पाठ आपोआप सरळ झाली.

“झोपायच्या आधी हात आपले चालतात. वीस वर्षं तुमचा डबा भरलाय मी.”

“डॉक्टरांना सांगितलंस हे?”

“त्यांनी विचारलं नाही.”

“पुढचा नंबर,” आतून नर्सने हाक मारली.

“तुम्ही बसा,” बायको उठत म्हणाली. “आधी मी जाते.”