वैशालीचा हलका हात

रेस इलेक्ट्रॉनिक्सवर जिंकतात म्हणता? मग हे ऐका. गंगापूर रोडच्या आमच्या गॅरेजात आम्ही दिंडोरीच्या वैशालीसाठी रेसची गाडी बांधली. सीट, हँडल, सगळं तिच्याच मापाचं. मागचं चाक घसरलं की इंजिनाची ताकद कमी करणारा सेन्सर बसवला, वर तो कामाला लागला की लुकलुकणारा लाल दिवा.

तिनं दहा फेऱ्या मारल्या, पण दिवा काही पेटेना. रेस दोन दिवसांवर! मी सेन्सर दोनदा बदलला. शेवटी वैतागून स्वतःच गाडीवर बसलो, तर पहिल्याच वळणावर दिवा लुकलुकायला लागला.

"वैशाली, एवढा हलका हात कुठून आणलास गं?"

"द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर मीच चालवायची, दादा. झटका बसून एक घड जरी पडला, तरी आमचे वडील, तात्या, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडायचे. तुमचा दिवा तर नुसताच लुकलुकतो."